बर्फात ठेवलेलं इन्सुलिन

ओजस आणि रेवा,

पनवेलमधून निघणाऱ्या एका दिवाळी अंकाचे संपादक गेली दोन वर्षं माझ्या मागे लागले आहेत की, सिस्टर, तुमच्या नोकरीतले अनुभव लिहा. आणि मागच्या रविवारी ओजसने फोनवर सांगितलं की शाळेच्या वादविवादात त्याच्या वाट्याला एक बाजू आली आहे. आधुनिक औषधं आणि यंत्रं माणसाची उत्क्रांती अडवत आहेत. जे जगायला नकोत ते जगतात, त्यांना मुलं होतात, आणि दुर्बळपणा पुढे पुढे सरकत राहतो. "आजी, तू तर आयुष्यभर हॉस्पिटलमध्ये होतीस. तुला काय दिसलं?"

दोन वेगळे लेख लिहायची उमेद आता माझ्यात नाही. तेव्हा दोन्ही कामं एकातच उरकते. संपादकांनी चालवून घ्यावं. आणि ओजस, तू हे बाबाकडून वाचून घे, पण रेवाला स्वतः वाचू दे. तिची जोडाक्षरं तुझ्यापेक्षा बरी आहेत.

माझं शिक्षण सगळं इंग्रजीत झालं. त्यामुळे उत्क्रांती हा मराठी शब्द मला बऱ्याच उशिरा भेटला, आणि भेटला तेव्हा त्यात 'क्रांती' बघून मला वाटलं, यात काहीतरी एकदम घडत असणार. तसं नसतं. कोणाला किती मुलं होतात आणि त्यातली किती मोठी होऊन त्यांनाही मुलं होतात, एवढाच तो संथ व्यवहार. त्याला चांगलं-वाईट कळत नाही. कुठे पोचायचंय हेही त्याला माहीत नसतं. हे आधी स्पष्ट केलेलं बरं, कारण लोक उत्क्रांती म्हणतात आणि त्यांच्या मनात प्रगती असते.

मी जुन्या पनवेलमध्ये लहान मुलांच्या एका खाजगी हॉस्पिटलात नोकरी केली. साधी सिस्टर म्हणून लागले आणि मुख्य सिस्टर म्हणून निवृत्त झाले. बाहेरच्या माणसाला वाटतं, सिस्टर म्हणजे सुई टोचणारी बाई. सुई हा कामातला सर्वांत सोपा भाग आहे. खरं काम असतं ते डॉक्टर जे बोलले ते त्या आईच्या घरात कसं उतरेल हे बघणं. आमच्या एकाच बाकावर तळोज्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला बाप बसायचा, त्याच्या शेजारी खाडीकाठची कोळीण, तिच्या शेजारी खारघरच्या उंच इमारतीतलं नवरा-बायकोचं जोडपं, आणि पलीकडे जमिनीवरच डोंगरातल्या वाडीवरची आई, कारण बाकावर बसायची तिला सवय नव्हती. चौघांना डॉक्टर एकच वाक्य सांगायचे. "भरपूर पाणी पाजा." त्या एका वाक्याचे चार घरांत चार अर्थ व्हायचे. ते अर्थ निस्तरण्यात माझी नोकरी गेली.

आता तुझ्या बाजूबद्दल. आधी घरापासून सुरुवात करू. तुझ्या बाबाला चौथीत फळ्यावरचं दिसेना, तेव्हा चष्मा लागला. तो चष्मा काढला तर आजही त्याला समोर उभी असलेली म्हैस दिसायची नाही, वाघ तर सोडच. तुझ्या हिशेबाने तो पहिल्याच फेरीत बाद, आणि त्याच्याबरोबर वादविवादात भाग घेणारा तूही. तुझ्या आजोबांच्या छातीत बॅटरी बसवली आहे. ती मुलं-नातवंडं झाल्यानंतर बसवली, त्यामुळे उत्क्रांतीला तिच्याशी काही घेणंदेणं नाही. मला आहे.

हे गमतीचं झालं. आता जे गमतीचं नाही ते.

वीटभट्टीवर काम करणाऱ्या एका कातकरी जोडप्याने आपलं बाळ आणलं होतं. विटांच्या ट्रकमधून आले होते, कारण दुसरं काही मिळालं नाही. बाळ सहा-सात महिन्यांचं, गुटगुटीत, मांड्यांना वळ्या. इतकं सुरेख अंगाचं बाळ आमच्याकडे क्वचित यायचं. जुलाब लागले होते आणि भट्टीवरच्या कुणा जाणत्या बाईने सांगितलं होतं की पाणी पाजलं की जुलाब वाढतात. म्हणून पाणी बंद. आले तेव्हा टाळू खोल गेली होती, आणि शीर सापडेना. डॉक्टरांनी खूप केलं. वाचलं नाही.

त्याच वेळी काचेच्या पेटीत खारघरच्या एका जोडप्याचं मूल होतं, दिवस भरायच्या खूप आधी जन्मलेलं. कातडी एवढी पातळ की आतल्या शिरा दिसाव्यात. श्वास घ्यायचं विसरायचं ते. यंत्राने टुंई केलं की मी बोटाने तळव्यावर टिचकी मारायची, मग त्याला आठवायचं. ते वाचलं. आता कॉलेजात जातं, दाढी ठेवली आहे.

भट्टीवरची आई रडली नाही. बाळाला गुंडाळून तिच्या हातात दिलं तेव्हा तिने मला विचारलं, "बाय, दूद येतंय. त्याचा काय करू?" मी तिला समजावून सांगितलं. तेही सांगायला आम्हाला शिकवलेलं असतं.

ओजस, मृत्यू दुर्बळांना निवडतो हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या आठवड्यात त्याने आमच्या वॉर्डातलं सर्वांत सशक्त बाळ निवडलं. त्याची भट्टी डांबरी रस्त्यापासून लांब होती. मला जी निवड दिसली ती बहुतेक वेळा अशीच होती. कोणाचं रक्त चांगलं, यापेक्षा कोणाच्या घरापर्यंत रिक्षा येते यावर ती ठरायची.

तरीही तुझ्या बाजूचा मुद्दा खोटा आहे असं मी म्हणणार नाही. तो एका मुलीपाशी येऊन मला अडला, आणि अजून अडलेलाच आहे. तिची गोष्ट नीट सांगते.

हर्षाली उरणच्या बाजूच्या एका कोळीवाड्यातली. बाप होडीवर जायचा आणि आई, ताराबाई, पनवेलच्या बाजारात मासे विकायला बसायची. हर्षाली आमच्याकडे आली तेव्हा नऊ वर्षांची होती. वाळली होती, सारखं पाणी प्यायची, सारखी लघवीला जायची. लहान मुलांना होणारा मधुमेह. हा म्हाताऱ्यांच्या मधुमेहासारखा नव्हे. यात शरीर इन्सुलिन बनवायचंच थांबवतं. इन्सुलिन नाही म्हणजे खाल्लेलं अन्न अंगी लागत नाही, रक्तात साखर साचते, आणि काही आठवड्यांत मूल जातं. पूर्वी जायचंच. आता रोज सुई टोचून इन्सुलिन दिलं की जगतं, तुमच्यासारखंच शाळेत जातं, भांडतं, नापासही होतं. पण सुई जन्मभर.

डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा ताराबाईबरोबर तिची नणंद होती. बाहेर बाकावर बसून, मुलीच्या समोर, ती मोठ्याने म्हणाली, "जन्मभर सुया? जगली वाचली त लगीन कोन करील हिच्याशी? आन केलाच त पोरा पन तसलीच व्हतील. देवान नेली असती त सुटली असती."

"गप बस गो तू," ताराबाई म्हणाली. "पोर माजी हाय. तुजी नाय."

हर्षाली पायातल्या चपलेचा अंगठा काढत होती, घालत होती. ऐकू आलं नाही असं दाखवत होती. नऊ वर्षांच्या मुलीला सगळं कळतं.

ताराबाई सुई शिकली. सुरुवातीला वांग्याला टोचून, मग स्वतःच्या मांडीला, मग मुलीला. एवढी तयार आई मी क्वचित बघितली. आणि महिन्याभरात तीच हर्षालीला उचलून घेऊन आली. पोरगी धापा टाकत होती, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. तो वास एकदा ओळखता आला की दारातूनच कळतो. शरीरात इन्सुलिन नाही.

डॉक्टर संतापले. "बाई, इंजेक्शन चुकवलंत ना? खरं सांगा."

ताराबाई त्यांच्याहून संतापली. "नाय चुकवला! एक दिस नाय चुकवला! तुमीच सांगितलात, थंड ठेवा. म्हावरा कुजंल पन पोरीचा औषीद कुजू देनार नाय मी. पेटीच्या तलाला, मधोमद बरफान ठेवलाय, वरून मीठ मारलाय!"

कोळ्याच्या घरात तेव्हा फ्रिज नव्हता, पण बर्फ हवा तेवढा. मासळी टिकवायची तर जितका बर्फ जास्त तितकी मासळी ताजी, आणि सर्वांत मौल्यवान मासळी सर्वांत खाली, मीठ मारून, म्हणजे गारठा आणखी वाढतो. पिढ्यान् पिढ्यांचं शहाणपण. त्या शहाणपणाने तिने मुलीचं औषध पापलेटच्या जागी ठेवलं होतं. इन्सुलिन एकदा गोठलं की मेलं. पुन्हा वितळलं तरी बाटलीत नुसतं पाणी. महिनाभर ती बाई एक दिवसही न चुकता, प्रेमाने, मुलीला पाणी टोचत होती.

हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग ठेवू कुठं? सांगा ना नीट."

मी सांगितलं. मातीचा माठ घ्या, त्यात ओली वाळू, वाळूत लहान मडकं, मडक्यात बाटली. सावलीत ठेवा, वाळू वाळू देऊ नका. तिला ते पटलं नाही. "माठान पानी ठेवतात, शिस्टर. औषीद काय माठान ठेवतात?" पण ठेवलं. हर्षाली चार दिवसांत सावरून, आईने भात का दिला नाही म्हणून भांडायला लागली.

त्यानंतर ताराबाई बाजार आटोपला की अधूनमधून हॉस्पिटलात डोकवायची. रिकामी पाटी दाराबाहेर ठेवायची, कारण एकदा आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीने नाक दाबलं होतं. माझ्यासाठी वेगळे ठेवलेले बोंबील द्यायची. पैसे काढले की म्हणायची, "ठेवा पर्समदे. पोरीची सुई काय तुमी मोजून शिकवलीत?" तुझे आजोबा त्या बोंबलांची आजही आठवण काढतात.

इथे ओजस, तुझी बाजू उभी राहते. हर्षाली शंभर वर्षांपूर्वी जगली नसती. जगली म्हणून मोठी झाली. मोठी झाली म्हणून लग्न झालं. आता तिला मूल झालं तर तो आजार होण्याची प्रवृत्ती, थोडी का होईना, पुढे जाऊ शकते. कागदावर हे बरोबर आहे. आमच्या डॉक्टरांचे एक प्राध्यापक मित्र संध्याकाळी चहाला येत, त्यांनी हेच अगदी हसत हसत सांगितलं होतं. त्यांना स्वतःला दोन वेळा कावीळ आणि एकदा क्षय होऊन गेला होता. हे मत नेहमी दुसऱ्याच्या मुलाबद्दल असतं, हे मी तेव्हा शिकले. आणि ते ऐकून ऐकून मी थकले आहे. कोळीवाड्यातली नणंद असो, प्राध्यापक असोत, तुझी शाळा असो, भाषा बदलते तेवढीच.

उत्क्रांती थांबली का विचारशील, तर नाही. ती मी रोज बघितली, पण जंतूंमध्ये. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणायच्या, ताप उतरला की निम्म्या ठेवून द्यायच्या, त्या पुढच्या तापाला शेजारच्या मुलाला द्यायच्या. गोळ्या संपवा म्हणून मी घसा कोरडा करायचे. तळोज्याचा एक बाप म्हणाला, "सिस्टर, बरा झाला की मग कशाला जास्त औषध अंगात?" ऐकायला किती रास्त वाटतं. पण अर्ध्या औषधातून वाचलेले जंतू हे सर्वांत चिवट जंतू असतात, आणि त्यांचीच पिलावळ वाढते. मी नोकरीला लागले तेव्हा जे इंजेक्शन दिलं की दुसऱ्या दिवशी मूल खेळायला लागायचं, तेच निवृत्तीच्या सुमारास टोचलं काय, न टोचलं काय, सारखंच. आपल्या औषधांनी उत्क्रांतीला असा वेग दिला. वादविवादात हा मुद्दा तुझ्या विरोधकाला सुचला तर तुझी पंचाईत आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

हर्षालीकडे परत येते. ती शिकली. बंदराकडच्या एका गोदामाच्या ऑफिसात नोकरीला लागली. तिथल्याच रूपेश नावाच्या मुलाशी लग्न केलं, कामोठ्यात घर घेतलं. लग्नाआधी तिने त्याला सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "माझ्या बापाला दारू आहे. तुझी साखर परवडली."

गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी ती माझ्याकडे आली. दंडाला रुपयाएवढी एक चकती चिकटवलेली. ती साखर मोजते आणि आकडा मोबाईलवर दिसतो, म्हणे. मी तिला चहा दिला, तिने आधी मोबाईल बघितला, मग चहा घेतला. माझे गुडघे त्या दिवशी फार दुखत होते आणि खरं सांगायचं तर कोणाची अडचण ऐकायची माझी तयारी नव्हती. पण ती निघायचं नाव घेईना.

"सिस्टर, मूल होऊ द्यायचं का नाही, माझं ठरत नाही."

"रूपेश काय म्हणतो?"

"तो म्हणतो तू ठरव. सासूबाई काही म्हणत नाहीत, पण देव्हाऱ्यासमोर जास्त वेळ बसतात. डॉक्टर म्हणतात, साखर आधी आटोक्यात आणा, मग हरकत नाही. बाळाला होण्याची शक्यता कमी आहे."

"बरोबर सांगतात. बहुतेकांना होत नाही."

"कमी म्हणजे कोणाला तरी होतोच ना?"

"होतो," मी म्हटलं.

तिने कप बशीत ठेवला. मग म्हणाली, "मला मूल नको असं नाही, सिस्टर. मला माझ्यासारखं मूल नको, असं वाटतं. आणि तसं वाटलं की पुढचं लगेच डोक्यात येतं. म्हणजे मी पण नको होते का?"

एवढी वर्षं मी आयांना उत्तरं दिली, तरी हिला मी म्हटलं, "हे मला विचारू नकोस. मी तुझ्या बाजूची आहे. माझं मत धरायचंच नाही. आईला विचारलंस का?"

"विचारलं. म्हटलं, आये, मी पोटात असताना तुला कोणी सांगितलं असतं, हिला असं होणार, तर?" हर्षाली हसली आणि हसता हसता तिचा चेहरा बदलला. "आये पापलेट साफ करत होती. मान पण वर केली नाही. म्हणाली, 'म्हाईत असता त सुई आदीच शिकले असते.'"

मी तिला आणखी चहा विचारला. ती नको म्हणाली आणि गेली. तिने काय ठरवलं ते मला बरेच महिने कळलं नाही. मीही विचारलं नाही. फोन हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे.

ओजस, तू स्पर्धेत तुझी बाजू नीट मांड. नेमून दिलेली बाजू मांडण्यात गैर काही नाही. फक्त "जगायला नकोत ते" हे शब्द तेवढे वापरू नकोस. दुसरे शोध. तुझं इंग्रजी चांगलं आहे, सापडतील. ते शब्द ऐकत चपलेशी खेळणारी मुलगी मी बघितली आहे.

गेल्या महिन्यात ताराबाईचा फोन आला. आता तिला ऐकू कमी येतं म्हणून ती ओरडूनच बोलते. "शिस्टर, हर्षालीला पोरगी झाली! पोट फारून काढली. तुमी या. ह्या नव्या शिस्टर पोरी बराबर करतात का, बघायला कोन नाय."

मी गेले. कामोठ्यातलं हॉस्पिटल, लिफ्ट चालू होती हे नशीब. हर्षाली उशीला टेकून होती, चेहरा उतरलेला. रूपेश औषधं आणायला खाली गेला होता. बाळ पाळण्यात, काळंभोर जावळ, मुठी आवळलेल्या. अशा बाळाची साखर पहिल्या दिवशी पुन्हा पुन्हा बघावी लागते. आईच्या रक्तातल्या साखरेची सवय झालेली असते, त्यामुळे बाळाचं शरीर स्वतःच जास्त इन्सुलिन बनवत असतं. नाळ कापली की आईकडून येणारी साखर बंद होते, आणि बाळाची साखर घसरू शकते. म्हणून टाचेला टोचून एक थेंब रक्त घ्यायचं. आई मधुमेही असली की सगळ्याच बाळांचं करतात. याचा अर्थ बाळाला आजार आहे असा नाही, आणि नाही असाही नाही. ते पुढे अनेक वर्षांनी कळतं, किंवा कधीच काही होत नाही.

तरुण सिस्टर ट्रे घेऊन आली. बरी होती मुलगी, आधी टाच चोळून गरम केली. "आजी, पाय धरता का घट्ट?"

ताराबाईने पाय धरला. हर्षालीने मान भिंतीकडे फिरवली. सुई लागली तसं बाळ किंचाळलं, आणि हर्षालीने दोन्ही हातांनी कान झाकले.

"अगो," ताराबाई म्हणाली, "सोताला टोचताना गाना म्हनायचीस. आता काय झाला?"

"मला नाही बघवत, आये."

आकडा चांगला आला. सिस्टरने टाचेवर कापूस दाबला आणि बाळाला हर्षालीच्या कुशीत दिलं.

"झालं ना आता?" हर्षालीने विचारलं.

"नाही ताई. दूध पाजा. थोड्या वेळाने परत बघायची आहे. उद्यापर्यंत बघावी लागेल."

हर्षाली बाळाला पाजत राहिली. मी खिडकीपाशी बसले, ताराबाई माझ्या शेजारी येऊन बसली, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या आमच्या गुडघ्यांबद्दल बोलत राहिलो.

सिस्टर पुन्हा ट्रे घेऊन आली तेव्हा ताराबाई उठायला लागली. हर्षालीने एका हाताने टाके दाबून धरले आणि हळूहळू सरळ बसली.

"आये, बस तू," ती म्हणाली. "मी धरते."

तिने बाळाचा पाय हातात घेतला, टाच स्वतः चोळली, आणि सुई लागेपर्यंत आणि लागल्यानंतरही, डोळे उघडे ठेवून बघत राहिली.